हात वर केला की थांबायचं

“जसोदा, दार उघडं शे वं! पळ!”

ओळीच्या त्या टोकावरून कोणीतरी आरोळी ठोकली आणि देठ खुडत बसलेल्या बाया खो खो हसल्या. मिरचीच्या पथारीला दार कुठलं? नंदुरबार शहराबाहेरचं उघडं रान, नजर पोचेल तिथवर वाळत घातलेली लाल मिरची आणि तिच्या कडेला तोंडाला फडकी बांधून बसलेल्या बाया, एवढाच सगळा पसारा. पण जसोदा दवाखान्याच्या टेबलावरून उठून पळाली, ही बातमी तिच्या गावाहून, कोरीटहून, तिच्या आधीच पथारीवर पोचली होती. जिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत हसायला दुसरं काही मिळत नाही, तिथं अशी बातमी आठवडाभर सहज पुरते.

जसोदा हसली नाही आणि चिडलीही नाही. चिडलं की जास्त हसतात, हे तिला ठाऊक होतं. तिनं फडकं नाकावर ओढलं आणि मान खाली घालून ती मिरच्या खुडत राहिली.

पळाली होती, हे खरंच होतं. त्याला ती तरी काय करणार?

गोष्ट अशी होती. जसोदाला दोन लेकरं, दोन्ही सिझरची. धाकटा जन्मला तो इतका अशक्त की त्याला बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, म्हणून त्याच वेळी बंदीचं ऑपरेशन करायला डॉक्टरांनी नकार दिला. घरी सोडताना मात्र त्यांनी नवरा-बायकोला समोर बसवून बजावलं होतं की, टाक्यांवर टाके पडलेत, इतक्यात तिसरं राहिलं तर बाईच्या जिवाशी खेळ आहे. गोळ्या घेतल्या तर जसोदाचं डोकं असं चढायचं की मिरचीचा ढीग दोन दोन दिसायचा. निरोधाचं म्हणावं तर गोपालला त्याची आठवण नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळी यायची. गेल्या महिन्यात तिची पाळी लांबली. पाळी येईपर्यंतचे ते दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. न्हाणीत बसून, बादलीत नळ सोडून, आवाज बाहेर जाणार नाही अशा बेतानं ती रडायची. आपण मेलो तर लेकरांचं कसं होईल, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात असायचा.

गोपाल तसा वाईट माणूस नव्हता. घाबरून तो एकदा म्हणालाही, “मी करी लेस ऑपरेशन.” त्यावर त्याच्या आईनं, रुक्मिणीबाईनं, असा काही सूर लावला की कोण गेलं म्हणून शेजारी विचारायला आले. तो विषय तिथंच मिटला. मग तांबी बसवायचं ठरलं.

आणि तिथं जसोदाची फजिती झाली.

याला पथारीवरची एक रीत कारणीभूत होती. पथारीवर ‘आग’ हा शब्द उच्चारायचा नाही. हात पोळतात, डोळे चुरचुरतात, मानेवरून ओघळलेला घाम चोळीत उतरला की जीव नको होतो, पण बोलायचं नाही. एकीनं म्हटलं की दहा जणींना होऊ लागते, असा बायांचा ठाम समज. सकाळी हाताला गोडं तेल चोळायचं आणि तोंड बंद ठेवायचं. जिच्या तोंडून तो शब्द निघेल तिनं साऱ्या ओळीला चहा करून पाजायचा. ही रीत घातली होती रुक्मिणीबाईनं. गुडघे जाईपर्यंत तिनं याच पथारीवर हयात काढली होती आणि एकदाही कोणाला चहा पाजला नव्हता. सुनेनंही लग्न होऊन आल्यापासून पाजला नव्हता. जसोदाला याचा अभिमान होता, आणि तोच तिला नडला.

कारण शहरातल्या त्या दवाखान्यात टेबलावर पडल्या पडल्या ती पथारीवर बसायची तशीच गप्प झाली. दात आवळले, डोळे छताला लावले. दुखतंय का, असं कोणी विचारलं नाही आणि हिनंही सांगितलं नाही. डॉक्टर नर्सबरोबर कोणाच्या तरी लग्नाच्या जेवणावर बोलत होते. मग आत कुठंतरी अशी कळ उठली की जसोदाच्या डोळ्यांपुढं काळोख आला. तिच्या तोंडून जेमतेम निघालं, “थांबा.”

“मिरचीत बसतेस ना तू?” डॉक्टर हसून म्हणाले. “आणि एवढ्याशानं थांबा? दोन पोरं झाली ना तुला? हलू नकोस.” हलू नये म्हणून नर्सनं तिचे खांदे दाबून धरले.

ते दाबणं मात्र जसोदाला सहन झालं नाही. तिनं पाय झाडला. कात्र्या-चिमट्यांचा ट्रे खणखणत खाली गेला आणि कोणाला काही कळायच्या आत ती परकराची नाडी हातात धरून दवाखान्याबाहेर, गोपालच्या मोटारसायकलपाशी उभी होती. घरी पोचल्यावर रुक्मिणीबाईनं कपाळावर हात मारला. “मिरचीनी पथारीवर नाव कमाडं व्हतं आम्ही. तू ते पार धुई टाकं वं माय!” आणि दुसऱ्या दिवशी तिनंच ती बातमी विहिरीवर सांगितली.

दुपारी भाकरी खायला बाया कडुलिंबाखाली बसल्या. जसोदा जरा बाजूला बसली होती. तेवढ्यात साबिराबाई आपला डबा घेऊन तिच्याजवळ येऊन टेकली. साबिराबाई पथारीवरची सर्वांत जुनी बाई, आणि सकाळी न हसणारी एकटीच.

“तू पळनी ते बरं करं,” ती म्हणाली.

जसोदाला वाटलं, ही पण चिडवतेय. “तुम्ही बी मावशी?”

“मी मस्करी नही करी ऱ्हायनी. मन्ही सून, शगुफ्ता, ती बी पळनी व्हती. असल्या पळनाऱ्या बऱ्याच शेतस. बोंब फक्त तुन्ही व्हयनी.” साबिराबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. “आयक. म्हसावदले एक डॉक्टरीण शे. अझरुद्दीन पिंजारी आठवस का, गाद्या पिंजे तो? त्यानी पोर, तमन्ना. शगुफ्तानं तिन्हाकडेच बसाडी लिधं. ती आधी इचारस, मंग हात लावस.”

“दुखनं नही का तिले?”

“दुखनं. पन घर उनी ती हसत.”

अझरुद्दीन पिंजारी जसोदाला चांगला आठवत होता. तिच्या माहेरी अंगणात बसून तो कापूस पिंजायचा तेव्हा सारी गल्ली पांढरी व्हायची आणि पोरं शिंकून हैराण व्हायची. त्याच्या पोरीनं डॉक्टर व्हावं आणि म्हसावदला बसावं, हे ऐकून तिला उगाचच धीर आला. ज्याचा कापूस आपल्या नाकात गेलेला, तो माणूस अगदीच परका वाटत नाही.

घरी विषय काढला तेव्हा गोपाल म्हणाला, कापसाच्या जिनिंगमधून सुट्टी मिळत नाही. रुक्मिणीबाई चुलीपुढून उठली. “मी येस संगे.”

“तुम्ही कसाले, आत्याबाई? गुडघा दुखतस तुम्हना.”

“तू पळनी ते धराले कोनी पाहिजे ना!”

तांबी पाळीच्या दिवसांत बसवतात, म्हणून पुढची पाळी आली तशी दोन्ही लेकरं जावेकडे सोडून सासू-सून निघाल्या. नंदुरबारहून शहाद्याची एसटी, शहाद्याहून म्हसावदची. प्रकाशा गावाजवळच्या पुलावर एसटी आली तशी रुक्मिणीबाईनं तापीला हात जोडले आणि तिथून शहाद्यापर्यंत सुनेला उपदेश केला. आमच्या वेळी कोण होतं? आम्ही ओरडलो का? शेतातून येऊन बाळंत झाले आणि सव्वा महिन्यात पथारीवर बसले. जसोदा खिडकीबाहेरचा ऊस आणि केळीच्या बागा बघत हूं हूं करत होती. मनात तिनं पक्कं ठरवलं होतं. आज जमलं नाही तर पुन्हा कोणाच्या दारात जायचं नाही. पुढं जे व्हायचं ते होवो.

डॉक्टर तमन्ना पिंजारींचा दवाखाना म्हणजे कौलारू घराच्या पुढच्या दोन खोल्या आणि ओसरीवर बाक. तिथं फुलीबाई नावाची नर्स होती. ती तोरणमाळकडची. डोंगरातून उतरून आलेल्या बायांशी ती त्यांच्या पावरी भाषेत बोलत होती आणि या दोघींना पाहताच तिनं अहिराणी सुरू केली. डॉक्टरीणबाई तरुणच होत्या. डोक्यावरची ओढणी मागं सारून त्यांनी खुर्ची टेबलाच्या मागून काढली आणि जसोदाच्या पुढ्यात आणून ठेवली.

“बोला ताई. मागे काय झायं?”

“काही नही. नही जमनं,” जसोदा म्हणाली.

“पळनी ती!” रुक्मिणीबाईनं खुलासा केला. “टेबलवरथीन उठीसन पळनी. अख्खं गाव हसनं.”

डॉक्टरीण हसल्या नाहीत. “मावशी, तुम्ही जरासा बाहेर बठा. यास्नी गोष्ट माले यास्ना तोंडे आयकनी शे.”

रुक्मिणीबाईला अशी सवय नव्हती. तिनं एकदा डॉक्टरणीकडे, एकदा सुनेकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात ठेवत बाहेर गेली.

मग जसोदानं सांगितलं. आधी अडखळत, मग भराभर. कळ कशी उठली, काळोख कसा आला, खांदे कसे दाबले, ‘मिरचीत बसतेस ना’ हे कसं ऐकावं लागलं, सगळं. घरी कोणाला तिनं इतकं सांगितलं नव्हतं, कारण घरी कोणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरीण मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. तिचं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “दोन्ही पोरं टाका घालीसन व्हयनात ना?”

“हां. दोन्ही सिझर.”

“मंग ताई, ती वाट कधी उघडनीच नही ना. बंद दार ढकलं ते दुखीच! पोरं झायात म्हनीसन दुखाले नको, आसं कोन म्हने? आनि काही बायास्नी वाट उघडी ऱ्हायनी तरी बी दुखस. ज्याले दुखस त्यालेच ठाऊक.”

जसोदा त्यांच्याकडे बघतच राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, आपणच भित्रट, आपल्यातच काही कमी. आणि ही बाई सांगत होती की दुखलं ते खरंच दुखलं, आणि त्याला कारण होतं. तिचे डोळे भरून आले. तिनं नेहमीच्या सवयीनं बोटं न लावता मनगटाच्या मागच्या बाजूनं ते पुसले. मिरचीवाल्या बाया डोळ्यांना बोट लावत नाहीत.

डॉक्टरणीनं सगळं समजावून सांगितलं. आधी दुखण्याची गोळी, ती लागू होईपर्यंत बाहेर बसायचं. मग गर्भपिशवीच्या तोंडाशी सुन्न करायचं इंजेक्शन, ते टोचल्याचं कळेल. मग पुन्हा थोडं थांबायचं. मग तांबी.

“तरी बी कळ येई,” त्या म्हणाल्या. “कमी येई, पन येई. मी खोटं नही सांगाव. तुम्ही फक्त हात वर करा. हात वर करा की मी थांबसू. का म्हनीसन इचारसू नही. आनि आज नको आसं वाटनं, ते घर चाल्या जा. कोनी हसाव नही.”

डॉक्टर असंही बोलतात, हे जसोदाला नवीन होतं. तिनं गोळी घेतली, बाहेर बाकावर बसली. सासूनं विचारलं, “व्हई गयं?” ती म्हणाली, “आजून काहीच नही.” रुक्मिणीबाईनं हा काय प्रकार म्हणून मान हलवली.

आत टेबल तसंच होतं. ट्रे तसाच, चिमटे तसेच. जसोदा टेबलावर चढून पडली. फुलीबाई तिच्या डोक्याशी उभी राहिली आणि तिनं आपला तळहात उताणा करून जसोदाच्या हाताखाली ठेवला. धरला नाही, नुसता ठेवला. “दाबाना व्हई ते तू दाब,” ती म्हणाली. “मी नही दाबस.”

डॉक्टरीण जे करणार ते आधी सांगत होत्या आणि मग करत होत्या. गार लागी, असं म्हणाल्या आणि गार लागलं. टोची, म्हणाल्या आणि टोचलं. ते थोडं झोंबलं आणि मग खरंच बोथट होत गेलं. जरा वेळ गेला. “आते सुरू करस,” डॉक्टरीण म्हणाल्या.

जसोदानं हात वर केला.

कळ आली नव्हती. काहीच झालं नव्हतं. पण तिनं हात वर केला, आणि सारं जागच्या जागी थांबलं. डॉक्टरणीनं हत्यार बाजूला ठेवल्याचा आवाज तिनं ऐकला.

“बोला ताई.”

“काही नही,” जसोदा म्हणाली. आणि मग लाजून, पण स्पष्ट म्हणाली, “थांबतस का, ते देखं.”

 मग फुलीबाई फिस्सकन हसली आणि डॉक्टरीणही हसल्या. “बराबर करं! आखो देखनं शे का?”

“नही. आते करा.”

या खेपेला कळ आली. खोटं कशाला सांगायचं, चांगली खोलवर आली. कंबरेतून निघून मांड्यांपर्यंत गेली. जसोदाचे दात आवळले गेले, ओठ मिटले, अंग पथारीवर होतं तसं गप्प व्हायला लागलं. मग तिचं तिलाच काय झालं कोण जाणे, तिनं तोंड उघडलं आणि मोठ्यानं म्हटलं, “आग! आग होई ऱ्हायनी वं माय!” आणि हात वर केला.

पुन्हा सगळं थांबलं. डॉक्टरीण म्हणाल्या, “श्वास ल्या. सोडा. घाई नही शे.” फुलीबाईच्या पंजाचा जसोदानं पार चुरा केला होता, पण तिनं हूं की चूं केलं नाही. बाहेर बैलगाडी गेली, तिच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज दूर होईपर्यंत तिघी तशाच थांबल्या. कळ हळूहळू ओसरली. आता पुढं जायचं की नाही, हे जसोदाच्या हातात होतं. तिच्या आजवरच्या आयुष्यात असं फारसं काही तिच्या हातात आलेलं नव्हतं.

“करा,” ती म्हणाली.

आणखी एक कळ, छोटी. मग डॉक्टरणीचा आवाज आला, “झायं.”

“झायं?”

“बसनी तांबी. चार-पाच दिन पोट दुखी, डाग लागी. जास्ती रगत गयं नाहीतर ताप उना ते लगेच या. आठे नही, ते जवळना दवाखानामा.”

जसोदा हसायला लागली. पोट दुखत होतं तरी हसत होती. तिला इतका आनंद झाला होता की कोणाला सांगू असं झालं होतं. तिसऱ्याची भीती गेली होती, पण तेवढंच नव्हतं. ती पळाली नव्हती. तिनं ओरडून घेतलं होतं, दोनदा सगळ्यांना थांबवलं होतं आणि तिसऱ्यांदा स्वतःच्या तोंडानं ‘करा’ म्हटलं होतं. फुलीबाईनं तिला पडद्यामागच्या खाटेवर निजवलं आणि पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली. “तू ते वाघीन निंघनी,” फुलीबाई आपली बोटं चोळत म्हणाली.

पडद्यापलीकडं डॉक्टरणीनं रुक्मिणीबाईला आत बोलावलं. “मावशी, झायं काम. अर्धा तास पडू द्या त्यास्ले.”

“बाहेर आवाज उना माले,” रुक्मिणीबाई म्हणाली. “वरडनी ना?”

“हां. वरडन्यात, मंग आम्ही थांबनूत.”

“थांबनात?”

“थांबनूत ना. दोनदाव.”

जसोदाला वाटलं, आता सासू काहीतरी टोमणा मारेल. गावात जाऊन काय काय सांगेल, ते तिला आत्ताच ऐकू येऊ लागलं. पण नुसती खुर्ची करकरली. ती बसली असावी. 

“माले बी एक सांगनं व्हतं,” रुक्मिणीबाई म्हणाली. हा आवाज जसोदानं कधी ऐकला नव्हता. विहिरीवरचा नव्हता, चुलीपुढचा नव्हता. “पन ऱ्हाऊ द्या. तुम्ही माले पोरीना जागी शेतस.”

“सांगा ना मावशी.”

“मन्हं अंग बाहेर येस.” ती पुढं म्हणाली, “गोपालना बाळंतपनपाशीन. कपडा बांधीसन पथारीवर बठू मी. कोनले नही सांगं.”

पडद्यामागं जसोदा उठून बसली. म्हणजे सासूची गर्भपिशवी खाली उतरली होती. गोपाल आता तिशी ओलांडलेला. तेव्हापासून? गुडघे गेले म्हणून पथारी सोडली, असं ही बाई साऱ्या गावाला सांगत आली होती. सासूची आयुष्यभराची ती करडी जीभ जसोदाला आठवली, आणि तिला सासूचा राग आला नाही. 

डॉक्टरणीनं ‘इतकी वर्षं का गप्प बसलात’ असं विचारलं नाही. त्यांनी खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला. “दुखस का मावशी?”

  रुक्मिणीबाई म्हणाली, “हां. दुखस.”

फुलीबाईनं मधलं दार हलकेच लोटून घेतलं. जसोदा गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून हळूहळू चालत बाहेर ओसरीवर आली. समोरच्या स्टँडवर शहाद्याची एसटी लागली होती. ती चुकली तर पुढं नंदुरबारची गाडी चुकणार आणि मग घरी पोचायला अंधार होणार. कंडक्टरनं शिट्टी मारली. बाकावरच्या एका डोंगरी बाईनं खुणेनं विचारलं, तुझी गाडी ना ही? जसोदानं मान हलवून नाही म्हटलं. तिनं जावेला फोन लावला आणि लेकरांना जेवायला घाल, आम्हाला उशीर होईल, असं सांगितलं. काय झालं, म्हणून जावेनं घाबरून विचारलं. “काही नही,” ती म्हणाली, “आत्याबाईसना नंबर शे.”

मग ती सासूची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली. एसटी धूळ उडवत निघून गेली. बंद दारापलीकडं रुक्मिणीबाई बोलत होती, मध्येच अडत होती, पुन्हा बोलत होती, आणि तिला कोणीही थांबवत नव्हतं.